केसपेपरवर न लिहिलेली किंमत

महाराष्ट्र शासनाने १५ ऑगस्ट २०२३ पासून आपल्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील तपासणी आणि उपचार निःशुल्क केले. केसपेपरसाठी मोजावे लागणारे थोडके पैसेही त्या दिवसापासून बंद झाले. निर्णय स्वागतार्ह होता, ह्यात शंका नाही. परंतु अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला अशा वेळी एक प्रश्न विचारल्यावाचून राहवत नाही. शुल्क शून्य झाले म्हणजे किंमत शून्य झाली काय?

शुल्क आणि किंमत ह्या एकच गोष्टी नव्हेत. मजूर दवाखान्यात जातो तेव्हा त्याचा रोज बुडतो. खेड्यातील बाई तालुक्याच्या गावी येते तेव्हा एस. टी.चे भाडे आणि घरच्या कामाचा खोळंबा तिच्या हिशेबात असतो. हे सारे किंमतीतच धरावयास हवे, हे आता पाठ्यपुस्तकांतही मान्य झाले आहे. वर्गात मी पुष्कळदा विचारतो की, सरकारी दवाखाना फुकट असूनही लोक तेथे का जात नाहीत? विद्यार्थी भराभर उत्तरे देतात : अंतर, रांग, बाहेरून आणावी लागणारी औषधे. त्या यादीत एक शब्द मात्र सहसा येत नाही. तो शब्द म्हणजे अपमान. चार लोकांदेखत मान खाली घालावी लागणे हीही किंमतच आहे. बहुतेक रुग्णांच्या बाबतीत ती सोसण्याजोगी असते. परंतु समलिंगी स्त्रीपुरुष, तृतीयपंथी आणि ज्यांना आपण ढोबळपणे लैंगिक अल्पसंख्य म्हणतो, अशा माणसांकडून ती इतकी जबर घेतली जाते की, अनेकजण उपचारच नको म्हणून परत फिरतात. ही किंमत कोणत्याही फलकावर लिहिलेली नसते, तिची पावती मिळत नाही आणि कोणत्याही अंदाजपत्रकात तिची नोंद होत नाही.

वसुली कोठे होते?

वसुलीची सुरुवात खिडकीपाशी होते. केसपेपरवर नाव, वय, स्त्री की पुरुष, एवढेच लिहावयाचे असते. परंतु कागदपत्रांवरील नाव पुरुषाचे आणि समोर उभी असलेली व्यक्ती साडी नेसलेली, असे असले की, खिडकीमागील कारकून क्षणभर थांबतो, शेजारच्याकडे पाहतो आणि नाव जरा मोठ्यानेच उच्चारतो. रांगेत हशा पिकतो. पुढे रांग कोणती धरावी, पुरुषांची की बायकांची, आणि दाखल व्हावे लागलेच तर खाट कोणत्या वॉर्डात मिळावी, असे प्रश्न एकामागून एक उभे राहतात. ह्यांपैकी एकाही प्रश्नाचा त्या माणसाच्या तापाशी वा पोटदुखीशी काडीचाही संबंध नसतो.

समलिंगी पुरुषाची गोष्ट थोडी निराळी आहे. त्याच्या चेहऱ्यावर काही लिहिलेले नसते, त्यामुळे खिडकी तो सहज पार करतो. त्याच्याकडून वसुली होते ती तपासणीच्या खोलीत. ‘लग्न झाले आहे काय?’ हा डॉक्टरांचा साधा प्रश्न त्याला साधा राहत नाही. तालुक्याच्या गावी डॉक्टर वडिलांच्या ओळखीचे असतात, कंपाउंडर त्याच आळीत राहत असतो, आणि खोलीचे दार बहुधा उघडेच असते. मग तो दुखणे एक असताना सांगतो दुसरेच. समलिंगी स्त्रीची अडचण ह्याहूनही खोल आहे. तिच्या नात्याची कल्पनाच डॉक्टरांच्या मनात नसते, म्हणून तिला प्रश्नच विचारला जात नाही.

अशा रुग्णापुढे तीन वाटा उरतात. एक, दुखणे अंगावर काढणे. दोन, जेथे कोणी ओळखत नाही अशा दूरच्या शहरात जाणे. ज्याच्यापाशी प्रवासाचा आणि मुक्कामाचा खर्च आहे, त्यालाच ती मोकळी. तिसरी वाट सर्वांच्या परिचयाची आहे. एस. टी. स्थानकांच्या आणि रेल्वेमार्गालगतच्या भिंतींवर ‘गुप्तरोगां’वर हमखास उपाय सांगणाऱ्या जाहिराती कोणी वाचल्या नाहीत? त्या भोंदूंपाशी औषध नसते हे बहुतेकांना ठाऊक असते. तरीही त्यांचा धंदा चालतो, ह्याचे कारण ते औषध विकत नाहीत, गुप्तता विकतात. सरकारी दवाखान्यात जी वस्तू मिळत नाही, तिची बाजारपेठ दवाखान्याबाहेर उभी राहते, एवढाच ह्याचा अर्थ. तृतीयपंथीयांनी संप्रेरकांच्या गोळ्या देखरेखीवाचून परस्पर घेणे किंवा अडाणी हातांकडून जिवावरची शस्त्रक्रिया करून घेणे, हेही त्याच बाजाराचे भयंकर रूप आहे.

सत्य लपले की निदान चुकते

केनेथ ॲरो ह्या अर्थशास्त्रज्ञाने १९६३ साली वैद्यकीय सेवेच्या अर्थकारणावर एक प्रसिद्ध निबंध लिहिला. वैद्यकीय सेवा ही बाजारातील इतर वस्तूंसारखी नव्हे, तेथे अनिश्चितता फार आणि ज्ञानाची वाटणी विषम, म्हणून हा सारा व्यवहार विश्वासावर चालतो, हे त्याच्या प्रतिपादनातील मर्म आहे. डॉक्टरला शास्त्र ठाऊक असते, रुग्णाला स्वतःचे आयुष्य ठाऊक असते. ह्या दोन माहित्यांची गाठ पडली तरच योग्य निदान होते. सामाजिक कलंक नेमका ह्या गाठीवर घाव घालतो. रुग्णाने खरे सांगितले तर अपमान आणि खोटे सांगितले तर चुकीचे औषध, अशा कैचीत तो सापडतो. तो खोटे बोलतो म्हणून त्याला दोष देणे सोपे आहे. परंतु खरे बोलण्याची किंमत कोणी वाढवून ठेवली, हा प्रश्न त्याआधी विचारावयास हवा.

महाराष्ट्राला हा अनुभव नवा नाही. महारोगाच्या बाबतीत आपण तो पुरेपूर घेतला आहे. अंगावरचा चट्टा दिसला तरी लोक तो लपवीत, कारण रोगापेक्षा घराबाहेर काढले जाण्याचे भय मोठे होते. लपविल्यामुळे रोग बळावे, बोटे झडत, आणि ती झडलेली बोटे पाहून समाजाचे भय आणखी वाढे. अमरावतीस डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी आणि वरोऱ्यास बाबा आमट्यांनी जे कार्य केले, त्याचा अर्धा भाग औषधोपचाराचा, तर अर्धा ह्या भयाशी झुंजण्याचा होता. १९८० नंतरच्या दशकात बहुविध औषधोपचार आला आणि रोग निश्चित बरा होऊ लागला. तरीही १८९८ चा महारोग्यांविषयीचा कायदा रद्द व्हावयास २०१६ साल उजाडावे लागले, आणि घटस्फोटाच्या कारणांतून हा रोग वगळला गेला तो २०१९ साली. औषध पोहोचते, परंतु कलंक त्याच्या मागे कित्येक वर्षे रेंगाळत राहतो, हा त्यातला धडा आहे.

एचआयव्हीच्या बाबतीत तोच धडा आपण पुन्हा गिरवला. भारतात १९८६ साली ह्या संसर्गाची पहिली नोंद झाली. २००४ च्या एप्रिलपासून त्यावरील औषधे शासन मोफत देऊ लागले. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या २०१७ च्या आकड्यांनुसार प्रौढ लोकसंख्येत संसर्गाचे प्रमाण सुमारे ०.२२ टक्के होते; पुरुषांशी शरीरसंबंध ठेवणाऱ्या पुरुषांत ते २.६९ टक्के आणि तृतीयपंथीयांत ३.१४ टक्के आढळले. ह्या आकड्यांवरून कोणाच्या स्वभावाविषयी वा शीलाविषयी निष्कर्ष काढणे हे अज्ञान होय. विषाणूला शील कळत नाही. चोरून भेटावे लागणे, माहिती न मिळणे, तपासणीस जाण्याची भीती वाटणे, ह्या परिस्थितीत त्याचे फावते, एवढेच. त्यात घरच्यांच्या दडपणाखाली अशा पुरुषाचे लग्न लावून दिले जाते आणि काहीही ठाऊक नसलेली पत्नी ह्या साखळीत ओढली जाते. कलंकाची किंमत केवळ कलंकित माणूस देतो, हा समज म्हणूनच भाबडा आहे.

ह्याची जाणीव शासनाला नव्हती असेही नाही. भारतीय दंडविधानाच्या ३७७ व्या कलमाविरुद्धचा खटला दिल्ली उच्च न्यायालयात चालू असताना, ह्या कलमामुळे माणसे भूमिगत होतात आणि रोगप्रतिबंधाच्या कार्यात अडथळा येतो, असे एड्स नियंत्रण संघटनेनेच २००६ साली प्रतिज्ञापत्रावर सांगितले होते. त्याच खटल्यात त्याच सरकारचे गृहखाते मात्र ते कलम टिकावे म्हणून भांडत होते. एका खात्याने औषध वाटावयाचे आणि दुसऱ्याने रुग्णाला दडून बसावयास लावावयाचे, असा हा विलक्षण संसार होता.

कायदा बदलला, खिडकी बदलली काय?

त्यानंतर कायद्याचा लंबक बराच हलला. २००९ साली दिल्ली उच्च न्यायालयाने प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेबाहेर काढले. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरविला. ६ सप्टेंबर २०१८ रोजी त्याच न्यायालयाच्या घटनापीठाने ते संबंध कायमचे गुन्हेमुक्त केले. दरम्यान १५ एप्रिल २०१४ च्या निकालाने तृतीयपंथीयांना स्वतंत्र ओळख मिळाली, आणि रुग्णालयांत त्यांच्या उपचारांची सोय करावी, असा आदेशही त्याच निकालात दिला गेला. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने लैंगिक कलाच्या कारणावरून उपचारांत भेदभाव करण्यास मनाई केली. त्याच वर्षीच्या एचआयव्हीविषयक कायद्याने रुग्णाची संमती आणि गुप्तता ह्यांना संरक्षण दिले, आणि वीस वा अधिक माणसे असलेल्या प्रत्येक आरोग्यसंस्थेत तक्रार अधिकारी नेमावा, असे बंधन घातले. २०२२ च्या ऑगस्टमध्ये आयुष्मान भारत योजनेखाली तृतीयपंथीयांना वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे विमाछत्र देण्याचा करार झाला.

कागदावर पाहू गेल्यास हे थोडे नाही. परंतु ह्या योजनांत एक अंतर्विरोध आहे. तृतीयपंथीयांसाठीचे विमाछत्र हवे तर प्रमाणपत्र हवे. प्रमाणपत्र हवे तर आपण कोण आहोत हे सरकारदरबारी जाहीर करावयास हवे. आणि जाहीर करण्याचीच तर भीती आहे. ज्याला कलंकाची झळ सर्वाधिक, तोच लाभापासून सर्वांत दूर, अशी ही रचना होऊन बसते. समलिंगी माणसासाठी तर अशी योजनाही नाही. त्याला विमा नको आहे. डॉक्टरांसमोर निर्भयपणे बोलण्याची सोय हवी आहे.

आणि डॉक्टर तरी काय शिकून बाहेर पडतात? जागतिक आरोग्य संघटनेने समलैंगिकता हा रोग नव्हे असे १९९० सालीच ठरविले. तरीही मुलाला ‘बरे’ करून द्या म्हणून आईबाप त्याला दवाखान्यात नेतात, आणि तसे करून देतो म्हणणारेही भेटतात. मद्रास उच्च न्यायालयाने २०२१ साली ह्या प्रश्नात लक्ष घातल्यानंतर राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ साली अशा तथाकथित उपचारांना व्यावसायिक गैरवर्तन ठरविले. परंतु त्याच आयोगाने २०२४ च्या ऑगस्टअखेर काढलेल्या अभ्यासक्रमात स्त्री-स्त्री संबंधांना न्यायवैद्यकाच्या धड्यात पुन्हा अनैसर्गिक गुन्ह्यांच्या रांगेत बसविले. टीका झाली, आणि सप्टेंबरच्या पहिल्याच आठवड्यात तो मसुदा मागे घ्यावा लागला. चूक सुधारली हे चांगलेच झाले. परंतु सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाला सहा वर्षे होत आलेली असताना ती घडू शकली, ह्यावरून जुनी पाने किती सहजगत्या पुढे उतरविली जातात हे दिसते.

उशाशी कोणी बसावे?

कलंकाची आणखी एक वसुली शेवटच्या घटकेस होते. वैद्यकीय आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांत शस्त्रक्रियेपूर्वी पती वा पत्नी, अज्ञान रुग्णाचे पालक, किंवा रुग्ण स्वतः, ह्यांची लेखी संमती सांगितली आहे. रुग्ण शुद्धीवर नसला की, ‘नातेवाईक कोण?’ हा प्रश्न येतो. वीस वर्षे एका घरात राहिलेला जोडीदार तेथे केवळ मित्र ठरतो, आणि वीस वर्षे तोंड न पाहिलेला भाऊ नातेवाईक ठरतो. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहास मान्यता देण्याचे नाकारले. मात्र अशा जोडप्यांच्या अडचणी पाहण्यासाठी समिती नेमण्याचे केंद्र सरकारचे आश्वासन नोंदवून घेतले. त्यानंतर २०२४ च्या ऑगस्टमध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने राज्यांना जे पत्र पाठविले, त्यात जवळचे नातेवाईक उपलब्ध नसल्यास जोडीदाराला मृतदेह ताब्यात घेता यावा, असेही सुचविले आहे. मृतदेहापाशी ओळखले गेलेले नाते खाटेपाशीही ओळखले जावे, ही अपेक्षा अवाजवी कशी म्हणता येईल?

वस्तुतः मार्ग आपल्याच कायद्यात आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने कोणाही प्रौढ व्यक्तीस साध्या कागदावर लिहून आपला प्रतिनिधी नेमण्याची मुभा दिली आहे. हीच सोय सर्व आजारांना आणि सर्व रुग्णांना लागू करावी. तिचा लाभ समलिंगी जोडप्यांनाच होईल असे नाही. अविवाहित शिक्षिका, मुले परदेशी असलेले वृद्ध, घरच्यांशी दुरावलेला माणूस, ह्या साऱ्यांची तीच गरज आहे.

काही आक्षेप

पहिला आक्षेप संख्येचा. सामान्य रुग्णालाच जेथे खाट मिळत नाही, तेथे ह्या मूठभरांचे काय घेऊन बसलात? २०११ च्या जनगणनेत देशात ४,८७,८०३ आणि महाराष्ट्रात ४०,८९१ व्यक्तींची नोंद ‘इतर’ ह्या लिंगसदरात झाली. समलिंगी व्यक्तींची तर मोजदादच नाही. कलंक असतो तेथे गणना अपुरीच होते. म्हणजे आधी कलंकामुळे माणसे लपवावयाची आणि मग ती दिसत नाहीत म्हणून प्रश्नच नाही असे म्हणावयाचे, असे हे तर्कशास्त्र आहे. शिवाय येथे कोणी कोणाची खाट हिरावून मागत नाही. रांगेत नाव पुकारण्याऐवजी क्रमांक पुकारणे, तपासणीच्या खोलीचे दार लावून घेणे, केसपेपरवर रुग्ण सांगेल ते नाव लिहिणे, ह्यांस कोणते अंदाजपत्रक लागते?

दुसरा आक्षेप असा की, त्यांच्यासाठी स्वतंत्र व्यवस्था करावी म्हणजे झाले. मुंबईच्या गोकुळदास तेजपाल रुग्णालयात २०२३ साली तृतीयपंथीयांसाठी ३० खाटांचा स्वतंत्र कक्ष सुरू झाला. आजच्या घटकेस अशा कक्षांचा उपयोग निश्चित आहे. परंतु स्वतंत्र व्यवस्था किती नाजूक असते तेही ध्यानात घेतले पाहिजे. तृतीयपंथीयांसाठी हैदराबादेत २०२१ साली आणि पुढे कल्याण व पुणे येथे निघालेली ‘मित्र’ चिकित्सालये अमेरिकी मदतीवर चालत होती. २०२५ च्या आरंभी ती मदत गोठविली गेली आणि तिन्ही ठिकाणचे दार बंद झाले. हैदराबादचे पुढे देशी मदतीने नव्या नावाने उघडले, हे खरे. परंतु नागरिकाचा उपचार परक्या राजधानीतील एका सहीवर अवलंबून असू नये. जिल्ह्याच्या रुग्णालयातील नेहमीचा बाह्यरुग्ण विभाग हाच टिकाऊ उपाय होय.

तिसरा आक्षेप सर्वांत जुना : आधी समाज बदलू द्या, मग दवाखाना बदलेल. रेल्वेच्या डब्याने समाज बदलण्याची वाट पाहिली नव्हती. एका बाकावर बसावे लागले म्हणून माणसे हळूहळू एका बाकावर बसावयास शिकली. आणि महाराष्ट्रात तरी ह्या सबबीचा आधार कोणी घेऊ नये. र. धों. कर्व्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक १९२७ साली सुरू केले ते लैंगिक अज्ञान हे अनारोग्याचे मूळ आहे, ह्या निष्ठेने. वाचकांच्या लैंगिक शंकांना उघडपणे उत्तरे दिली म्हणून १९३४ साली त्यांच्यावर खटला झाला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांचे वकीलपत्र घेतले, आणि तरीही कर्व्यांना दंड झाला. शंका विचारणाऱ्यांत समलिंगी संबंधांविषयी विचारणारेही होते. त्या प्रश्नाला विकृती न मानता शास्त्राच्या आधाराने उत्तर द्यावे, एवढाच कर्व्यांचा ‘गुन्हा’. त्या खटल्याला नव्वद वर्षे उलटून गेली आहेत. तोच प्रश्न घेऊन आजचा तरुण दवाखान्याच्या दारापर्यंत येतो आणि परत फिरतो, ही आपल्या प्रगतीची कोणती पातळी समजावी?

हिशेब कोणाकडे मागावयाचा?

जागतिक बँकेसाठी २०१४ साली झालेल्या एका अभ्यासात, अशा भेदभावामुळे भारताचे होणारे नुकसान राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.१ ते १.७ टक्के इतके असावे, असा अंदाज मांडला आहे. अर्थशास्त्राच्या अध्यापकाला असा आकडा मोह घालतो. परंतु अंदाजाची ही दोन टोके एकमेकांपासून इतकी दूर आहेत, त्यावरूनच न मोजलेल्या गोष्टीचा हिशेब किती कठीण असतो हे उघड होते. आणि समजा, हे नुकसान शून्य निघाले असते, तर रांगेतील तो हशा योग्य ठरला असता काय? माणसाचा मान राष्ट्रीय उत्पन्नाच्या टक्केवारीवर अवलंबून ठेवता येत नाही. आकडा शासनाला जागे करण्यापुरता उपयोगी. त्यापलीकडचे काम आपले आहे.

‘आपले’ हा शब्द येथे शब्दशः घ्यावयाचा आहे. रुपयांतले शुल्क मंत्रिमंडळ ठरविते, म्हणून ते एका निर्णयाने रद्द करता येते. अपमानाचे शुल्क मंत्रालयात ठरत नाही. ते खिडकीमागील कारकून ठरवितो, वॉर्डातील मामा-मावशी ठरवितात, रांगेत हसणारा सुशिक्षित गृहस्थ ठरवितो, आणि वर्गात बायकी चालीच्या मुलाची नक्कल चालली असता फळ्याकडे तोंड करून उभा राहणारा शिक्षकही ठरवितो. हाच मुलगा दहा वर्षांनी डॉक्टरांपुढे खरे बोलेल की नाही, ह्याचा निकाल पुष्कळदा त्या वर्गातच लागलेला असतो. शासनाने आपल्या वाटणीची किंमत २०२३ साली माफ केली. उरलेली किंमत ज्यांच्या हाती आहे, त्यांनी ती माफ करण्यासाठी कोणत्याही परिपत्रकाची वाट पाहण्याचे कारण नाही.